मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र: डायलिसिसच्या खाटेवर वापरून पाहिलेलं

घरात लांबलेलं आजारपण असेल आणि आजारी माणसाची नजर उतरली असेल, तर मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, जरूर घ्या. भेट म्हणून शोभेल असं, सोनेरी कडांचं नको. त्या माणसाला चष्मा लावून स्वतः वाचता येईल असं घ्या. आम्ही आमच्या सासूबाईंसाठी घेतलं. गेल्या पावसाळ्यापासून ते रोजच्या वापरात आहे, म्हणून त्याचे गुण आणि दोष दोन्ही खात्रीने सांगू शकते.

आईंना जुना मधुमेह आहे. त्याने आधी डोळ्यांचा पडदा धरला आणि मग मूत्रपिंडं. इथे नागपुरातच त्यांचं डायलिसिस चालतं. एकदा मशीन लागली की चारेक तास खाटेवर. डाव्या हाताला फिस्तुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, असल्यामुळे तो हात हलवायचा नाही. उन्हाळ्यात तिथवर पोचेपर्यंतच त्या अर्ध्या झालेल्या असतात. सगळं आयुष्य त्यांनी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, मुलांना शिकवलं. त्यांचं स्वतःचं पवित्र शास्त्र बारीक अक्षरांचं होतं. ते वाचता येईनासं झालं तेव्हा आम्ही वाचून दाखवू लागलो. कधी मी, कधी नणंद, कधी भेटायला आलेलं मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, कुणी.

आता मुद्दा असा की दुसऱ्याला वाचून दाखवणारा माणूस निवड करतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून कोण कडू वाचेल? आम्ही तेविसावं स्तोत्र वाचायचो, एकशे एकविसावं वाचायचो. येणारे लोक छापील वचनांची कार्डं आणायचे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, ‘देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे’. वचनं खरीच आहेत, आमचा त्यांच्यावर विश्वास आहे. पण मोठ्या अक्षरांची प्रत हाती आल्यावर आई पहिल्यांदा स्वतः पानं उलटू लागल्या आणि तेराव्या स्तोत्रावर थांबल्या. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचलं. मग मला म्हणाल्या, “हे तर तुम्ही लोक मला वाचूनच नव्हते दाखवत.”

तेरावं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं आहे. सुरुवातच तक्रारीने होते: देवा, कुठवर मला विसरून राहणार, कुठवर तोंड लपवणार? हा प्रश्न दावीद पुन्हा पुन्हा विचारतो आणि शेवटी त्याच देवावर भरवसा ठेवून गातो. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांत अशी रडगाऱ्हाणी भरपूर आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारावरच संपतं, तिथे गोड शेवटसुद्धा नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे, कारण तो माणूस रडतो आहे तेही देवासमोरच. प्रभू येशूने गेथशेमाने बागेत हा प्याला टळून जावो असं मागितलं आणि मग पित्याच्या इच्छेला मान दिला. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली. कठीण काळातला विश्वास मला या पानांतून कळतो. कार्डांवर तो अर्धाच छापलेला असतो.

याचं महत्त्व मी एवढं का सांगते, तर आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांत एखादा असाही निघतो जो खाटेजवळ उभा राहून “विश्वास कमी पडतो आहे” असं बोलून जातो. आमच्याकडे एकांनी तर औषधं बंद करून नुसत्या प्रार्थनेवर राहायचा सल्ला दिला. आई त्या दिवशी रात्रभर जागत होत्या. माझं यावर स्पष्ट मत आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, हे पौलानेच कलस्सैकरांच्या पत्रात लिहून ठेवलंय. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलावून प्रार्थना करवून घ्यावी, तेल लावून घ्यावं असं सांगितलंय. वैद्याला हाकलून द्या असं कुठेही नाही. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दोन्ही गोष्टी मानतात. येतात, हात धरतात, थोडक्यात प्रार्थना करतात आणि मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन किती आलं तेही विचारतात. त्यांची भेट झाली की आईंना शांत झोप लागते.

बरं, आता पुस्तकाकडे येते. अक्षर ठळक आहे, काळी शाई गडद आहे, दोन ओळींत जागा चांगली सोडलेली आहे. नजर अधू असलेल्याला नुसतं मोठं अक्षर पुरत नाही, ओळ चुकू नये म्हणून ही जागा लागतेच. अध्यायाचे आकडे मोठे आहेत, त्यामुळे आई स्वतः स्तोत्र शोधतात. स्तोत्रसंहिता पुस्तकाच्या साधारण मधोमध येते. तिथे दोन्ही बाजूंना सारखी पानं असल्याने ते उघडं ठेवलं की उघडंच राहतं. एका हाताने वाचणाऱ्याला याचा फार उपयोग आहे.

दोषही आहेत. वजन बरंच आहे. मशीनवर असताना पोटावर उशी, उशीवर पुस्तक, असं करूनच जमतं, आणि पान उलटायला मला उठावं लागतं. प्रभूचे शब्द लाल शाईत छापलेत. आपल्याला ते छान वाटतं, पण आईंना लाल अक्षर पुसट दिसतं. म्हणजे डोंगरावरचं प्रवचन, ज्याच्यावर त्यांचा सगळ्यात जीव, तेच त्यांना ताणून वाचावं लागतं. तुमच्या माणसाच्या डोळ्यांचा पडदा खराब असेल तर संपूर्ण काळ्या शाईतलीच प्रत मागा. कागद पातळ असल्यामुळे ट्यूबलाइटखाली मागच्या पानाची छाया दिसते. चेनवाल्या कव्हरची चेन पानांच्या कडा ओढते. आम्ही कव्हर काढून सुती पिशवी शिवली. मागच्या नकाशांना आमच्याकडे अजून कुणी हात लावलेला नाही.

स्वतः वाचण्याची गोष्ट आई शब्बाथ शाळेत नेहमी सांगायच्या. मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक नागपुरात राहत असत. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी साहेबाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती एकट्याने वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आई मुलांना म्हणायच्या, त्यांना कुणी समजावून दिलं नव्हतं बरं, पुस्तक हातात होतं.

डायलिसिसच्या खोलीत आता आईंची ओळख झाली आहे. त्या आवाज न करता ओठ हलवून प्रार्थना करतात. नव्या तंत्रज्ञाला वाटलं त्यांना त्रास होतो आहे, तो धावत रक्तदाब मोजायला आला. आई हसून म्हणाल्या, “काही नाही रे बेटा, प्रार्थना करून राहिली.” मला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना आठवली. तिचेही नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाला ती प्यालेली आहे असं वाटलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या मुस्लिम खाला त्यानंतर आईंना विचारून आपली तसबीह, म्हणजे जपमाळ, काढतात, आणि मला दोघी मिळून चहाला पिटाळतात: “तू जा नं, च्या पिऊन ये, आम्ही आहो.”

किंमत दवाखान्याच्या एका दिवसाच्या किरकोळ खर्चाएवढी पडली. आम्हाला ते रविवारच्या उपासनेनंतर मंडळीच्या आवारात लागणाऱ्या टेबलावर मिळालं. नागपुरात सदर भागाकडच्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतही विचारा. घेताना आजारी माणसाला शक्य असेल तर सोबत न्या, त्यांचा नेहमीचा चष्मा लावा, उजेडापासून जरा बाजूला उभं करा आणि तेरावं स्तोत्र वाचायला द्या. पहिलं वचन न अडखळता वाचलं गेलं तरच पैसे द्या. डायलिसिसला किंवा केमोला नेण्यासाठी नवा करार आणि स्तोत्रसंहिता एवढीच असलेली, मोठ्याच अक्षरांची पण हलकी प्रत मिळाली तर ती आधी घ्या. आम्ही तशी सांगून ठेवली आहे. जाड प्रत मग घरीच राहील, संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला.