कमिन्स ६बीटी: घरचा ब्लॉक बोअर करायचा की एक्स्चेंज इंजिन बसवायचं?

टाटाच्या २५१५ सारख्या ट्रकांतलं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी कमिन्स ६बीटी सात-आठ लाख किलोमीटरनंतर तेल खायला आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर मारायला लागलं, की गॅरेजवाला थेट इंजिन कामाचा आकडा सांगतो. त्याआधी चाकांना ओट (ठोकळा) लावून एअर कॉम्प्रेसरची आउटलेट लाइन सोडा आणि इंजिन चालू करून ब्रीदर बघा. धूर एकदम कमी झाला तर दोष कॉम्प्रेसरच्या रिंगांचा आहे. टर्बोची तेल परतीची लाइनही तपासा. या दोन्हींत काही सापडलं नाही तरच हेड उतरवा.

या इंजिनात लायनर (सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) नाही, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये, म्हणजे ब्लॉकमध्येच कोरलेल्या सिलिंडरमध्ये, चालतो. त्यामुळे इतर इंजिनांसारखं चेसिसवरच लायनर-पिस्टन किट टाकून मोकळं होता येत नाही. नव्या बोअरचा व्यास १०२ मि.मी. तो १०२.११६ च्या पुढे गेला, किंवा वर-खाली ०.०७६ पेक्षा जास्त फरक आला, की बोअरिंग (मशीनवर बोअर मोठा करणं) आलंच. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे धुरात घालणं. बोअर मापात असेल तर मात्र रिंगा, बेअरिंग आणि हेडचं काम पुरतं.

घरचा ब्लॉक. मोठ्या केलेल्या बोअरसाठी ओव्हरसाइझ पिस्टन ०.५० आणि १.०० मि.मी. असे मिळतात, म्हणजे दोन संधी. क्रँकशाफ्टही ०.२५ च्या टप्प्यांनी १.०० पर्यंत घासता येतो. ब्लॉक पहिल्यांदाच उघडत असेल आणि चांगलं मशीन शॉप जवळ असेल (कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी), तर हाच मार्ग स्वस्त. आठवडा-दहा दिवस गाडी उभी राहील, तेवढ्या दिवसांचं भाडं आणि हप्ता मात्र हिशोबात धरा.

काम फसतं ते बहुधा धुण्यात. होनिंगची (बोअर दगडाने घासण्याची) बारीक ग्रिट डिझेलने निघत नाही. गरम पाणी आणि साबणाने ब्रश मारून धुवा, मग बोअरला तेल लावून पांढऱ्या कापडाने पुसा. कापड काळं येतंय तोवर पुन्हा धुवा. बेअरिंग तुटून चुरा झाला असेल तर ऑइल कूलर नवाच घ्या, त्याच्या जाळीतला चुरा धुऊन निघत नाही. हेडचे बोल्ट आधी सगळे ९० न्यूटन-मीटर, मग लांब बोल्ट १२०, शेवटी सगळ्यांना आणखी ९० अंश. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर: इनटेक ०.२५, एक्झॉस्ट ०.५१ मि.मी.

एक्स्चेंज इंजिन. म्हणजे जुनं इंजिन देऊन दुरुस्त केलेलं दुसरं घेणं. कंपनीच्या योजनेतलं, उदाहरणार्थ टाटा प्रोलाइफचं, रीकंडिशन इंजिन तयार असेल तर गाडी दोन-तीन दिवसांत रस्त्यावर येते, शिवाय लेखी वॉरंटी. किंमत साहजिकच जास्त. पंप, टर्बो आणि कॉम्प्रेसर त्यात आहेत की नाहीत ते कोटेशनवर लिहूनच घ्या. ‘पूर्ण इंजिन’ या शब्दावर जाऊ नका. इंजिन नंबर बदलत असेल तर आरसीवर आरटीओची नोंद आणि विमा कंपनीला कळवणं हेही आलं.

मेख जुन्या इंजिनाच्या किमतीत आहे. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला किंवा ब्लॉकला तडा गेला, की एक्स्चेंजमध्ये त्याची कपात लागते, नाहीतर ते घेतच नाहीत. म्हणून १.०० चं बोअरिंग आधीच झालेलं असेल आणि गरम इंजिनचा ऑइल प्रेशर आयडलला १० पीएसआयखाली उतरत असेल, तर ठोका यायची वाट न बघता इंजिन चालतंय तोवरच बदला. ब्लॉकला स्लीव्ह (बोअरमध्ये ठोकून बसवायची नळी) बसवता येते, पण सहाही बोअरला स्लीव्ह आणि वर क्रँक ग्राइंडिंग हा खर्च एक्स्चेंजशी ताडूनच करा.

कोणताही मार्ग घ्या, एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होज आणि त्याचे क्लँप नवे टाका. बोअर वरच्या बाजूला जास्त झिजलेला दिसला तर धूळ बहुतेक तिथूनच आत गेलेली असते, आणि ती नवं इंजिनही तितक्याच लवकर खाईल. टर्बो तुटला असेल तर इंटरकूलर उतरवून आतले तुकडे काढा. रेडिएटरमध्ये साधं पाणी नको, कूलंटच हवं. पहिले काही दिवस गाडी तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, रिंगा बसत नाहीत आणि बोअर गुळगुळीत होतो. मध्यम भार देऊन चालवा. पहिलं तेल लवकर बदला आणि जुना फिल्टर कापून आत धातूचा चुरा आहे का ते बघा.