एमआयडीसीत प्लॉट की स्वतःच्या वावरात शेड? मागास तालुक्यात युनिट टाकताना

हिंगोली, वाशिम, धाराशिवकडे हळद पावडर, डाळ मिल किंवा तेलाचं युनिट टाकायचं ठरलं की पहिला वाद घरातच होतो. वडील म्हणतात, रोडला लागून आपलं वावर पडलंय, तिथंच शेड टाक. सीए म्हणतो, एमआयडीसीत (सरकारी औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत) प्लॉट घे, कागद सरळ राहतात. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण शेवटी दोघंही जमिनीच्या दरावर येतात, आणि आपल्या भागात दर हा सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे. इथं जमीन स्वस्तच मिळते. पैसा जातो तो वीज, रस्ता आणि परवानग्यांवर.

आधी स्वतःच्या जमिनीचं बघू, कारण गुंता तिथं जास्त आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम ४४-अ उद्योगासाठी केलेलं आहे. अटी पाळल्या तर औद्योगिक वापरासाठी एनएची (बिगरशेती वापराची) पूर्वपरवानगी लागत नाही, वापर सुरू झाल्यावर ३० दिवसांत तहसीलदारांना कळवायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं, पण अटी नीट वाचा. हक्क निर्विवाद हवा, जागेला रीतसर रस्ता हवा, जमीन कशासाठी आरक्षित किंवा संपादनात नको. रेल्वेमार्गापासून ३० मीटर आणि उच्चदाब वीजवाहिनीपासून १५ मीटर अंतर हवं. शिवाय प्रादेशिक योजनेत, म्हणजे कोणती जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या सरकारी आराखड्यात, तुमचा गट कोणत्या झोनमध्ये आहे त्यावर बरंच ठरतं. शेती झोनमध्येही शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांना वाट ठेवलेली आहे, पण बांधकाम परवानगी वेगळी घ्यावीच लागते.

यात सगळ्यात जास्त लोक अडकतात ते रस्त्यात. आपल्याकडे बहुतेक वावरांना बांधावरून वाट असते आणि वर्षानुवर्षं बैलगाडी, ट्रॅक्टर तिथूनच जातात. तहसीलदार कलम १४३ खाली वाट मिळवून देतात हे गावात सगळ्यांना माहीत असतं. पण ती तरतूद शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी आहे. दहा टायरचा ट्रक त्या वाटेवर आला की शेजारी अडवणार, आणि कायदा त्याच्या बाजूनं उभा राहील. गाव नकाशावर रस्ता दिसतो का, हे स्वतः बघा. दिसत नसेल तर शेजाऱ्याकडून रस्त्यापुरती जागा रीतसर नोंदणी करून घ्या, नाहीतर ते वावर या कामासाठी सोडून द्या. मुख्य रस्त्याला लागून असेल तरी बिल्डिंग लाइन आणि कंट्रोल लाइन (रस्त्यापासून बांधकामाला सोडायचं अंतर) सोडून किती जागा उरते ते मोजून घ्या. लांब पण अरुंद पट्ट्यात कधीकधी शेडपुरतीही उरत नाही.

मग सातबारा. भोगवटादार वर्ग-१ (मोकळेपणानं विकता येणारी) आहे की वर्ग-२ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली)? इतर हक्कात कुळ, वतन किंवा बहिणींची नावं आहेत का? वर्ग-२ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढं जाऊ नका. जमीन विकत घ्यायची असेल आणि तुमच्या नावावर शेती नसेल, तर मराठवाड्यात १९५०चा हैदराबाद कुळकायदा लागू होतो, विदर्भात १९५८चा वेगळा आणि पश्चिम महाराष्ट्रात १९४८चा. उद्योगासाठी सवलत आहे, पण ठरलेल्या मुदतीत उद्योग उभा राहिला नाही तर जमीन हातची जाऊ शकते. पुण्याच्या वकिलाचा सल्ला हिंगोलीला जसाच्या तसा चालत नाही, तो याचमुळे.

विजेकडे फार कमी लोक आधी बघतात. वावराजवळून तारा गेल्या म्हणजे वीज आली असं होत नाही. ती लाइन शेतीच्या फीडरची (फक्त शेतीपंपांना वीज देणारी) असेल तर दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, पाळीपाळीनं. शेतीपंपाच्या मीटरवर पॉलिशर (माल चकाकवणारं मशीन) चालवला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराचं वाढीव बिल येतं, आणि ते छोट्या युनिटचं कंबरडं मोडतं. गावठाण किंवा औद्योगिक फीडरवरून लाइन ओढावी लागली तर खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्च बहुधा तुमच्याच गळ्यात पडतो. महावितरणकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि ते जमिनीच्या किमतीत मिळवा. स्वस्त जमीन किती स्वस्त आहे ते मग कळतं.

एमआयडीसीत हे सगळं तयार मिळायला हवं. प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतो, नकाशे महामंडळच मंजूर करतं, एनएचा प्रश्नच येत नाही. गहाण ठेवायला महामंडळाची संमती लागते, पण बँकांना ती पद्धत सवयीची आहे. मुदतीत बांधकाम झालं नाही तर मुदतवाढीचे पैसे भरावे लागतात, विकताना हस्तांतरण शुल्क लागतं.

पण मागास तालुक्यातली एमआयडीसी कागदावर एक आणि प्रत्यक्षात वेगळी असू शकते. संध्याकाळी एक चक्कर मारा. दिवे लागतात का, किती प्लॉटवर बाभळी वाढल्यात, ते दिसेल. चालू युनिटच्या वॉचमनला विचारा, पाणी रोज येतं का, लाइन गेली तर किती वेळानं येते. उन्हाळ्यात टँकर लागत असेल तर एमआयडीसीचा निम्मा फायदा तिथंच संपला.

अनुदानाचा मुद्दा मी या निवडीत धरतच नाही. सामूहिक प्रोत्साहन योजनेतलं (उद्योगांना अनुदान देणारी राज्याची योजना) ड, ड+ हे मागासपणाचं वर्गीकरण तालुक्यावर ठरतं. फक्त त्यासाठी एमआयडीसीत जाण्याची गरज नाही.

प्रदूषणाचा प्रवर्ग मात्र निर्णायक आहे. सांडपाणी निघणारं, रसायन वापरणारं, लाल प्रवर्गातलं (सगळ्यात जास्त प्रदूषण करणारं) काहीही असेल तर वावराचा विचार सोडा. हळद-मिरची दळण्यासारखं कोरडं काम असलं तरी गावापासूनचं अंतर बघाच. २०१७च्या दुरुस्तीनं गावठाणापासून २०० मीटरच्या आत घरं बांधायला एनएची अट सैल झाली. म्हणजे आज मोकळं दिसणारं शिवार उद्या वस्ती होणार, आणि ठसका लागलेल्या लोकांची तक्रार खरी असणार. गावाच्या कडेला शेड टाकणाऱ्याला मी तरी हो म्हणणार नाही.

माझं मत असं. शेतमाल आसपासचाच, काम कोरडं, जमीन वर्ग-१, नकाशावर रस्ता आणि फीडर जवळ, एवढं जुळत असेल तर स्वतःचं वावर घ्या. यातलं एखादं जरी नसेल, किंवा भाऊबंदकीत वाटणी बाकी असेल, तर एमआयडीसी. धंदा चालेल की नाही याचीच खात्री नसेल तर दोन्ही नको. सहकारी औद्योगिक वसाहतीत गाळा भाड्यानं मिळतो का बघा आणि दोन हंगाम काढा.

कोणत्याही जमिनीचा इसार देण्याआधी झोन दाखला, मोजणीची क प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा) आणि महावितरणचं अंदाजपत्रक हातात असू द्या. तिन्हीचा खर्च इसाराच्या मानानं किरकोळ असतो.