पुद्दुचेरीत फ्रेंच शिकताना: दोन सत्रांनंतरचा अनुभव

खान्देशातून कोणी फ्रेंचमध्ये एम.ए. करायला पुद्दुचेरीला निघालं असेल तर आधीच सांगते: जा, पण तिथे रस्त्यावर फ्रेंच कानावर पडेल म्हणून जाऊ नका. गावात पाट्या फ्रेंच, पोलिसांच्या टोप्या लाल, फ्रेंच नागरिकत्व असलेली तमिळ घरंही आहेत. फ्रेंचांनी कारभार १९५४ मध्ये सोडला, कायद्याने हस्तांतर १९६२ मध्ये झालं. आज मात्र किराणा, रिक्षा, बस सगळं तमिळ. त्यामुळे मी आधी कामचलाऊ तमिळ शिकले, मग फ्रेंच सुधारली!

१९८५ मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ गावाबाहेर कालापेटला आहे, समुद्राला लागूनच. वर्गात साहित्य फ्रेंचमधूनच चालतं. बी-वन, म्हणजे फ्रेंचची मधली पातळी, पक्की नसेल तर पहिलं सत्र डोक्यावरून जातं. मी आधी एका ऑनलाइन क्लासला पैसे भरले होते. तिथे नुसते पर्याय निवडायचे, तोंड उघडायची वेळच यायची नाही. त्यापेक्षा गावातलं आलियाँस फ्राँसेझ हे फ्रेंच शिकवणारं केंद्र बरं. १८८९ पासूनचं आहे.

आपल्याला एक गोष्ट सोपी जाते. तो गेला, ती गेली असं क्रियापद बदलायची आपल्याला सवय असते. फ्रेंचमध्येही 'गेली' लिहिताना एक 'ई' वाढतो, फक्त बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं. इंग्रजीवरून शिकणारी मुलं इथे हमखास अडखळतात. उलट ऐकण्यात आपण मार खातो, कारण शेवटची अक्षरं गिळलेली असतात. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेत बी-टू (बी-वनच्या वरच्या) पातळीला चार भाग, प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० हवेत, पण एकाही भागात ५ च्या खाली गेलात तर नापास. म्हणून ऐकण्याचा सराव रोज करा, व्याकरण आपोआप सांभाळलं जातं.

माझी मावशी अजून विचारते, "फ्रेंच शिकीसनी काय करशी?" शिकवणं, भाषांतर, कंपन्यांतलं काम, एवढं तरी मला समोर दिसतंय. त्यासाठी जळगाव सोडावं लागेल, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

जेवणात भात आणि सांबार. शेव आणि ठेचा सोबत न्या. दमट हवेत भाकरीच्या पिठाला लवकर जाळी धरते, तेव्हा ते थोडंच न्या. जळगावहून नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई, तिथून ईसीआरची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्याने जाणारी बस. कालापेट पुद्दुचेरीच्या आधीच येतं, तिथेच उतरा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे धो धो पाऊस असतो आणि दिवाळी नेमकी त्यातच येते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी तिकीट काढा.