चौथ्या धुराड्याची एम्डेन

पहिल्या महायुद्धातल्या ट्रेंच आर्टमध्ये, म्हणजे तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांसारख्या युद्धातल्या सामानातून घडवलेल्या वस्तूंमध्ये, फुलदाण्या आणि ॲशट्रे ढिगाने मिळतात, जहाजं त्यामानाने कमी. म्हणूनच त्यांना भाव आहे, आणि म्हणूनच नकली मालही आहे. इंग्लंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या बाजारात मला ‘एम्डेन’चं पितळी मॉडेल 240 पौंडांना विकलं गेलं. ते कसं विकलं गेलं, हे या नादातल्या मंडळींना कळावं म्हणून लिहितो आहे.

एम्डेन म्हणजे 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवून देणारी जर्मन क्रूझर. तिला धुराडी तीन, मॉडेलला चार. मी ते बोलून दाखवताच विक्रेता खुलला. बहुधा याच प्रश्नाची वाट बघत होता. ऑक्टोबरच्या अखेरीस पेनांग बंदरात शिरताना एम्डेनने खोटं चौथं धुराडं उभारलं, ब्रिटिश ‘यार्मथ’चं सोंग घेतलं आणि रशियाची ‘झेमचुग’ बुडवली. हे सगळं खरं आहे. 9 नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने तिला निकामी केलं, तेही खरं. एम्डेनवर सापडलेल्या मेक्सिकन चांदीच्या डॉलरांची पुढे पदकं झाली, हेसुद्धा खरं. या रांगेत त्याने हळूच आपले आजोबा उभे केले: ‘सिडनी’वरचे खलाशी, ज्यांनी म्हणे फावल्या वेळात हे मॉडेल घडवलं. पुरावा म्हणून एका पत्राची झेरॉक्स. मूळ पत्र ‘बहिणीकडे’.

आता पितळेबद्दल. तोफगोळ्याची खरी पुंगळी ओढून काढलेली असते, ओतलेली नसते. बुडाशी जाड आणि तोंडाकडे पातळ होत जाते. बुडावरची अक्षरं ठशाने मारलेली, कडा तीक्ष्ण. माझ्या मॉडेलच्या तळाला असलेल्या पुंगळीवर ‘1914’ होतं, पण गुळगुळीत, विरघळल्यासारखं, कारण ते साच्यातूनच आलेलं. डेकच्या खालच्या बाजूला वाळूच्या साच्याचा खरखरीत पोत होता. कानशीचे ओरखडे कुठेच नाहीत, डाखाचा एक थेंब नाही. धुराडी चक्क गोंदाने चिकटवलेली. काळेपणा सगळ्या खाचांत एकसारखा भरलेला, आणि हात लागून झिजायला हव्यात त्या कडांवरही तसाच.

तळाला हिरवं फेल्ट चिकटवलं होतं. ते सोलल्यावर आत स्टार स्क्रू निघाला. ही चौफुलीची खाच 1930 च्या दशकात बाजारात आली. फेल्ट सोलू न देणारा विक्रेता भेटला तर पैसे खिशातच ठेवा. जुन्या मॉडेलला फेल्ट असू शकतं, पण खालचं बघू न देण्याचं काही कारण नसतं.

पुढे घाऊक सजावटीच्या वस्तूंच्या एका साइटवर हुबेहूब हेच जहाज दिसलं. नाव नुसतं ‘युद्धनौका’, डझनाने घेतल्यास सवलत. मुरादाबादहून पाठवणार. तिथल्या कारागिरांचा यात दोष नाही, ते नव्याला नवंच म्हणून विकतात. आजोबा जोडले जातात ते इकडे आल्यावर.

विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत; पावतीवर त्याने नुसतं ‘पितळी जहाज’ लिहिलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही. पावतीवर जहाजाचं नाव, काळ आणि ‘अस्सल’ हे तिन्ही लिहून घ्या. हल्ली त्याच्या टेबलावर तसलंच एक मॉडेल असतं. मात्र आता ते ‘यार्मथ’ आहे, म्हणजे धुराड्यांबद्दल कोणी विचारायला नको.