एओथ्रीचा रिव्ह्यू, बेस्टच्या संपापासून आजपर्यंत

फॅनफिक, म्हणजे आवडत्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या गोष्टी, वाचायला कुठली साइट चांगली असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून एकच नाव सांगते, आर्काइव्ह ऑफ अवर ओन, सगळे एओथ्री म्हणतात. बरीच वर्षं वापरतेय, तिथे वाचलंय, लिहिलंय, ढसाढसा रडलेय पण. नुसतं मस्त आहे म्हणून कोणाला काही कळत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते, आणि त्यासाठी 2019 च्या बेस्टच्या, म्हणजे मुंबईच्या बसवाल्यांच्या, संपाबद्दलही बोलावं लागेल कारण या साइटची खरी किंमत मला त्या दिवसांत कळली.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, 8 जानेवारी 2019 ला संप सुरू झाला आणि नऊ दिवस चालला, बेस्टच्या इतिहासातला सगळ्यात लांबलेला. 32 हजारांच्या आसपास कामगार, तीन हजारांवर बस डेपोत उभ्या, आणि रोजचे 25 लाख तरी प्रवासी वाऱ्यावर. मी तेव्हा प्रतीक्षानगरला राहायचे आणि ऑफिस बीकेसीला. एरवी बसमध्ये खिडकीची सीट मिळाली की निवांत वाचन व्हायचं, ट्रॅफिक जॅम लागला तरी मला काही वाटायचं नाही, उलट चॅप्टर पुरा व्हायचा. संपात ते सगळंच गेलं. सायनच्या अलीकडे रिक्षा येत नाही, टॅक्सीवाले सीटमागे वाट्टेल तो भाव सांगत होते, मग जीटीबी नगरपर्यंत चालत, हार्बरनं कुर्ला, आणि कुर्ल्याला स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची ही भली मोठी लाईन. त्या लाईनीत उभं राहून एका हातानं फोन धरून मी एओथ्री वाचलं आणि तिथेच तिचे सगळे गुण लक्षात आले.

पहिली गोष्ट म्हणजे डाउनलोड. प्रत्येक फिकवर वरच डाउनलोडचं बटण असतं, ईपब, पीडीएफ, मोबी, एझेडडब्ल्यूथ्री, एचटीएमएल यातलं काय हवं ते घ्या, लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. रात्री घरी वायफायवर चार-पाच लांबलचक फिक्स उतरवून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी नेट असो नसो वाचत राहायचं. लोकलमध्ये दारापाशी अंग चोरून उभं असताना पेज लोड होतंय का बघत बसायला लागत नाही हे किती मोठं सुख आहे ते रोज प्रवास करणाऱ्याला विचारा. त्याआधी मी जिथे वाचायचे त्या साइटवर मजकुराच्या मध्येच जाहिरात उघडायची, आणि ती बंद करता करता कुठे होतो तेच विसरायला व्हायचं. इथे एकही जाहिरात नाही. कधीच नव्हती.

दुसरं म्हणजे टॅग, गोष्टीत कोण आहे, काय आहे हे सांगणारी लेबलं. हे मी जरा जास्त बोलणार कारण माझ्या मते एओथ्रीचा जीव यातच आहे. लेखक हवे तसे, हव्या त्या स्पेलिंगनं टॅग लावतो, कोणी कर्ण लिहितो, कोणी राधेय, कोणी अर्धं वाक्यच टॅग म्हणून टाकतो, आणि मागे स्वयंसेवक बसलेले असतात, त्यांना टॅग रँगलर म्हणतात, ते एकाच अर्थाचे टॅग हातानं एकमेकांना जोडतात. हातानं, मशीननं नाही! त्यामुळे तुम्ही एका नावानं शोधलं तरी दुसऱ्या नावाखालचं पण समोर येतं. शिवाय फिल्टर असे की पूर्ण झालेल्याच दाखव, एवढ्या शब्दांच्या पुढच्याच दाखव, हा टॅग असेल तर अजिबात नको, सगळं करता येतं. तुम्ही काय वाचता यावरून पुढचं काही तुमच्यासमोर ढकललं जात नाही, जे आवडेल ते तुम्हीच शोधायचं. मला हे फार आवडतं, कोणी मला ओळखायचा प्रयत्न करत नाही.

आता महाभारत. माझं वेड तेच आहे, लहानपणी आजीबरोबर कीर्तनाला जायचे, तिथे बुवा एखादा प्रसंग असा काही फुलवून सांगायचे की तो मूळ ग्रंथात तसा नाही हे मला मोठेपणी कळलं आणि त्यानं माझं प्रेम कमी झालं नाही, वाढलंच. फॅनफिकला नाकं मुरडणारे लोक भेटतात, दुसऱ्याची पात्रं घेऊन काय लिहायचं, स्वतःचं काही लिहा ना, असं म्हणतात. त्यांना मी एवढंच सांगते की आपल्या संतांपासून शाहिरांपासून सगळ्यांनी तीच पात्रं घेतली आणि त्यांच्या तोंडी आपलं बोलणं घातलं, त्याला कोणी उसनं म्हणालं नाही. एओथ्रीवर महाभारताचं फॅन्डम, म्हणजे चाहत्यांचं लिखाणाचं दालन, आहे, फार मोठं नाही पण जे आहे ते मनापासून लिहिलेलं, द्रौपदीवर आहे, सुभद्रेवर आहे, कौरवांच्या बाजूनं आहे.

संपाच्या त्या दिवसांत अशीच शोधता शोधता अधिरथावरची एक छोटी फिक हाती लागली. अधिरथ म्हणजे कर्णाला वाढवणारा बाप, सूत, रथ हाकणारा. आणि मी कुर्ल्याच्या लाईनीत उभी, सगळ्या शहराचे सारथी संपावर. वाचता वाचता डोक्यात आलं की महाभारतात सारथी किती आहेत बघा, कृष्ण स्वतः, शल्य, इंद्राचा मातली, कृष्णाचा दारुक, संजय पण सूतच. नैमिषारण्यात ऋषींना अख्खं महाभारत सांगणारा उग्रश्रवा, तोही सूत. रथही त्यांनीच हाकायचा आणि गोष्टही त्यांनीच सांगायची. मग हस्तिनापुरातल्या सगळ्या सूतांनी एके सकाळी लगाम खाली ठेवले तर? त्याच रात्री लिहायला बसले.

आमच्या शेजारचे काका बेस्टमध्ये ड्रायव्हर होते आणि त्यांचा भाचा 2007 नंतर लागलेला कंडक्टर. तेच काम, तीच पाळी, आणि पगार मात्र खालच्या ग्रेडचा, संपाच्या मोठ्या मागण्यांपैकी ही एक होती, आणि दुसरी बेस्टचं बजेट महापालिकेच्या मुख्य बजेटमध्ये विलीन करा ही. बिल्डिंगमध्ये काकांना बघून लोक बोलता बोलता गप्प व्हायचे ते मला सहन व्हायचं नाही. त्रास मलाही झालाच ना, पाय दुखायचे, लेट मार्क लागले, पण ज्याच्या घरी महिन्याचं गणित जुळत नाही त्यानं माझ्या खिडकीच्या सीटसाठी गप्प बसावं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मी काकांना विचारलं, काका, कधी सुटणार हो? म्हणाले, बघू गं, कोर्टात आहे. मग मी त्यांना माझी गोष्ट वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "घोड्यांना पाणी कोण पाजतंय?" मी काही बोलले नाही. म्हणाले, "तू सगळे सूत झाडाखाली बसवलेस, पण संपावर गेलो म्हणून गाडीवर राग नसतो बाळा. घोड्यांना पाणी कोण पाजतंय ते लिही." मग मी तो प्रसंग घातला, लगाम खाली ठेवलेले म्हातारे सूत पहाटे गुपचूप पागेत जातात, घोड्यांना पाणी दाखवतात, मानेवरून हात फिरवतात आणि परत येऊन बसतात. अख्ख्या गोष्टीत तेवढंच खरं उतरलंय असं मला वाटतं.

16 जानेवारीला संप मिटला, हायकोर्टानं निवृत्त न्यायमूर्तींना मध्यस्थ नेमलं आणि कनिष्ठ कामगारांच्या दहा वेतनवाढींवर तोडगा निघाला. जुलैत तर बसचं कमीत कमी तिकीट 8 रुपयांवरून 5 वर आलं. गोष्ट मात्र माझ्या लॅपटॉपवर पडून होती, कारण एओथ्रीवर लिहायचं तर अकाउंट लागतं आणि त्यासाठी आमंत्रणाच्या रांगेत नाव नोंदवावं लागतं. ईमेल द्यायचा आणि थांबायचं. वैताग येतो हे खरं आहे, पण एकदम गर्दी होऊन साइटवर ताण येऊ नये म्हणून ते आहे आणि मला पटतं. अकाउंट आलं, भाषेच्या यादीत मराठी होती, ती निवडली आणि टाकली. काही आठवड्यांनी एका अनोळखी वाचकाची मराठीत कमेंट आली, घोड्यांच्या पाण्याचा प्रसंग तीनदा वाचला असं लिहिलं होतं. काकांना जाऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती परत परत वाचली आणि काकूंना हाक मारली.

ही साइट चालवतं कोण हेही माहीत असू दे. ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स नावाची ना-नफा संस्था, 2007 मध्ये फॅन लोकांनीच काढलेली, कारण तेव्हा दुसऱ्यांच्या साइटवर कधी कोणाचं लिखाण न सांगता उडेल याचा भरवसा नव्हता आणि काही कंपन्या फॅनफिकवर पैसे कमवायला टपलेल्या होत्या. 14 नोव्हेंबर 2009 ला साइट सगळ्यांना खुली झाली. कोडिंग, टॅग, कायद्याचं काम, सगळं स्वयंसेवकांकडून आणि खर्च देणग्यांतून. बेस्टचा संप झाला त्याच 2019 मध्ये या साइटला ह्यूगो अवॉर्ड मिळालं, विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा मोठा पुरस्कार, डब्लिनला, तेव्हा मला घरातल्या कोणाला तरी मिळाल्यासारखा आनंद झाला होता. आणि जुलै 2023 मध्ये सायबर हल्ला होऊन साइट बंद पडली तेव्हा डाउनलोड करून ठेवलेल्या फाइल्सनीच तारलं. म्हणून सांगते, आवडलेली फिक उतरवून ठेवाच, लेखक कधी डिलीट पण करतात आणि तो त्यांचा हक्क आहे.

तक्रारी आहेतच. पहिल्यांदा उघडली की काय करायचं कळत नाही, सगळा मेनू इंग्रजीत आणि सर्चचं पान सरकारी फॉर्मएवढं लांब. ऑफिशियल अ‍ॅप नाही, स्टोअरमध्ये त्या नावानं जे दिसतं त्याला पासवर्ड देऊ नका, ब्राउझरमध्येच वापरा. आणि इथे सगळ्या प्रकारचं लिखाण आहे, अगदी सगळ्या, म्हणून रेटिंग आणि वॉर्निंग वाचल्याशिवाय आत जायचं नाही, लहान मुलांच्या हातात तर सरळ देऊच नका. वॉर्निंगचे मुख्य प्रकार ठरलेले आहेत पण लेखक 'वॉर्निंग देत नाही' असंही निवडू शकतो, ते दिसलं की समजायचं आत काहीही असू शकतं. मराठीतलं लिखाण अजून अगदीच थोडं आहे आणि त्यात साइटचा दोष नाही, आपण लिहीत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या सर्चच्या पानासाठी कापला. सुरुवात करायची असेल तर सर्चमध्ये भाषा मराठी टाका, नाहीतर आवडीचं फॅन्डम घेऊन पूर्ण झालेल्या आणि छोट्या फिक्सचं फिल्टर लावा. वाचून झालं की खाली कुडोजचं, म्हणजे आवडलं असं सांगायचं, बटण आहे, ते लॉगिन नसलं तरी दाबता येतं, आणि जमलं तर दोन ओळी मराठीत लिहा, लेखकाला मराठी येत असेल तर तो दिवसभर खुशीत असेल.