नाण्यांचा अल्बम घेताय? आधी पानांचा वास घ्या

नाणेसंग्रह सुरू करायचा म्हटलं की दुकानदार हमखास एकच अल्बम पुढे करतो. वर रेक्झिनचं जाड कव्हर, आत मऊ, चकचकीत, एकमेकांना चिकटणारी खिशांची पानं. तो घेऊ नका. आतल्या नाण्यांचं तो भरून न येणारं नुकसान करतो.

ही पानं बहुतेक वेळा पीव्हीसीची असतात. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली तेलकट द्रव्यं हळूहळू बाहेर झिरपतात आणि पीव्हीसी जुनं होताना आम्लही सोडतं. मुंबई-कोकणातल्या उकाड्यात आणि दमट हवेत हे आणखी लवकर घडतं. आधी नाण्यावर ओलसर, चिकट थर येतो. मग अक्षरांच्या खाचेत आणि कडेच्या आत हिरवे ठिपके दिसू लागतात. शिवराईवर, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यावर, मुळातच हिरवट-तपकिरी रंग असतो, त्यामुळे फसगत होते. फरक असा: जुना रंग कोरडा आणि घट्ट असतो, पीव्हीसीचा हिरवा थर लाकडी टूथपिकच्या टोकाला चिकटून येतो. पान उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास आला तर अल्बम तिथेच परत करावा.

नाणी आधीच अशा अल्बममध्ये असतील तर शुद्ध ॲसिटोन आणा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही, भांडं काचेचं. नाणं दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग दुसऱ्या भांड्यातल्या ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवा आणि आपोआप वाळू द्या. घासायचं नाही, पुसायचंही नाही. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावलं की नाण्याचा मूळ पृष्ठभाग गेला, आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही गेली. आम्लाने धातू खाल्ला असेल तर ते खड्डे मात्र ॲसिटोनने भरत नाहीत.

त्याऐवजी काय घ्यावं? पुठ्ठ्याचे दोन बाय दोन इंची होल्डर, आणि ते ठेवायला पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकची वीस खणांची पानं. होल्डरच्या खिडकीला पॉलिस्टरची पातळ फिल्म असते. तिला मायलर म्हणतात आणि ती नाण्याला काही करत नाही. खिडकी नाण्यापेक्षा किंचित मोठीच हवी, नाहीतर नाण्याची कड पुठ्ठ्याखाली दबते. २०११ च्या मालिकेतला २२ मिमीचा रुपया २२.५ च्या खिडकीत जेमतेम मावतो, म्हणून २५ ची घ्या. त्याच मालिकेतल्या २५ मिमीच्या दोन रुपयांना २७.५ ची लागते. दहा आणि वीस रुपयांची नाणी २७ मिमीची, त्यांना ३० ची खिडकी निवांत. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया साधारण ३०.५ मिमीचा असतो, त्याला ३२.५ ची.

वर्ष, टाकसाळ, धातू हे सगळं पुठ्ठ्यावर लिहिता येतं. लिहायचं ते नाणं घालण्याआधी, म्हणजे पेनचा दाब नाण्यावर पडत नाही. नंतर होल्डर मिटून तीन बाजूंना स्टेपलरच्या पिना मारा आणि पक्कडीने त्यांची टोकं सपाट दाबा. हे बरेच जण टाळतात, आणि मग उभी राहिलेली टोकं शेजारच्या नाण्यावर ओरखडे काढतात. नाणं बाहेर काढतानाही पीन ओढायची नाही, आधी कापायची. दमट भागात पिना गंजतात. तिथे चिकटपट्टीचे होल्डर बरे, फक्त डिंक खिडकीपर्यंत आलेला नाही ना ते बघून घ्या.

जाड, वेड्यावाकड्या शिवराया या होल्डरमध्ये नीट बसत नाहीत, फिल्म ताणून फाटते. त्यांना फोमच्या कड्याची कॅप्सूल, म्हणजे गोल पारदर्शक डबी, घ्यावी. ती होल्डरपेक्षा बरीच महाग पडते, म्हणून मोजक्या नाण्यांसाठीच. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. चांदीजवळ रबर बँड किंवा वर्तमानपत्र नको, गंधकाने ती काळी पडते.

एवढा खटाटोप आत्ता करायला हवा, कारण या छंदाचं भवितव्य त्यावरच आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. भाजीवालीकडेही आता क्यूआर कोड असतो, सुटे पैसे मुलांच्या हाती येतच नाहीत. म्हणजे नव्या संग्राहकाचं पहिलं नाणं बहुधा आजीच्या डब्यातूनच निघणार. ते हिरवं, खड्डे पडलेलं निघालं तर त्याला गोडी कुठून लागेल?

मुलांसाठी घेत असाल तर २५ च्या खिडकीचे पन्नास होल्डर आणि तीन पानं पुरेत. सुरुवात रुपयापासून करा, वर्षाच्या आकड्याखाली भिंगातून बघा: हिरा म्हणजे मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एका वर्षाच्या चारही टाकसाळी जमवायला खर्च चार रुपये.