अंबडमध्ये बनवून घेतलेला एलईडी फोटोरिॲक्टर : एक सविस्तर अभिप्राय

प्रकाशाने घडणाऱ्या रासायनिक अभिक्रियांवर आमच्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात काम चालते. परदेशी फोटोरिॲक्टर (अशा अभिक्रियांना प्रकाश पुरवणारे उपकरण) आमच्या अनुदानात बसत नव्हता, म्हणून तो अंबड औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्याकडून बनवून घेतला. नाशिकमधील इतर महाविद्यालयांतूनही त्याविषयी विचारणा होत असल्यामुळे हा अभिप्राय लिहीत आहे.

ॲल्युमिनियमच्या पेटीत दोन्ही बाजूंना एलईडीच्या पाट्या, मध्ये दोन ओळींत आठ व्हायल (काचेच्या छोट्या कुप्या) आणि खाली द्रावण ढवळणारा मॅग्नेटिक स्टरर, अशी याची साधी रचना आहे. पाट्या बदलता येतात, ही मोठी सोय म्हटली पाहिजे, कारण अभिक्रियेत प्रकाश शोषण्यासाठी वापरले जाणारे रुथेनियम-बायपिरिडीन संयुग ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषते, तर इओसिन वाय या स्वस्त रंगद्रव्याला हिरवा प्रकाश लागतो.

विचारणा करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न वॅटचा विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न तापमानाचा असावा, आणि सुप्रामॉलिक्युलर उत्प्रेरणावर (दुर्बळ बलांनी एकत्र धरलेल्या रेणूंच्या साहाय्याने अभिक्रिया घडवण्यावर) काम करणाऱ्यांनी तर तो आग्रहाने विचारावा. आमच्या विद्यार्थ्यांच्या कामाचेच उदाहरण देतो. गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिन हे आठ ग्लुकोज घटकांचे कडे असते आणि त्याच्या पोकळीत ॲन्थ्रासीन-२-कार्बोक्झिलेटचे दोन रेणू एकत्र मावतात. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की ते एकमेकांशी जोडले जातात आणि चार प्रकारचे डायमर (दोन रेणूंच्या जोड्या) तयार होतात. त्यांपैकी दोन कायरल असतात, म्हणजे त्यांचा स्वतःच्या आरशातील प्रतिमेशी तंतोतंत मेळ बसत नाही, आणि पोकळी स्वतः कायरल असल्यामुळे त्यांच्या आरशातील प्रतिमांसारख्या दोन रूपांपैकी एक अधिक प्रमाणात मिळू शकते. मात्र रेणूंना पोकळीत धरून ठेवणारी बले दुर्बळ असतात. द्रावण तापले की रेणू पोकळीबाहेर पडतात, आणि बाहेर मोकळे असलेले रेणू जोडले गेले तर त्या निवडीचा लाभ मिळत नाही. याउलट तापमान उतरवल्यावर ही निवड सुधारते, असे या अभिक्रियेवरील प्रकाशित संशोधनात दिसून आले आहे.

कारखान्याच्या मूळ आराखड्यात थंडाव्यासाठी फक्त पंखा होता. पंखा खोलीतलीच हवा आत ढकलतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत त्याचा फारसा उपयोग झाला नाही. साध्या पाण्याने भरलेल्या व्हायलमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवून आम्ही ही अडचण कारखान्याच्या तंत्रज्ञांना दाखवली, तेव्हा त्यांनी व्हायलचे तळ ज्या ॲल्युमिनियम ठोकळ्यात बसतात त्यातून चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पाणी खेळवण्याची वाट काढून दिली. या बदलानंतर उपकरण खऱ्या अर्थाने कामाचे झाले. तक्रार ऐकून आराखडाच बदलणारा कारागीर शहरातच असणे, हे कोणत्याही आयात उपकरणासोबत मिळत नाही.

सर्व व्हायलना सारखा प्रकाश मिळतो का, हे मात्र खरेदी करणाऱ्याने स्वतः तपासावे. आम्ही पोटॅशियम फेरिऑक्झॅलेटची जुनी आणि भरवशाची पद्धत वापरली. प्रकाशामुळे फेरिक लोहाचे फेरस लोह होते, त्याचा फिनॅन्थ्रोलीनशी लालसर नारिंगी रंग तयार होतो आणि ५१० नॅनोमीटरला त्याचे शोषण मोजले की किती प्रकाश पोहोचला हे कळते. चारही कोपऱ्यांतील व्हायलना मधल्या व्हायलपेक्षा स्पष्टपणे कमी प्रकाश मिळत होता. त्यामुळे तुलना करायच्या अभिक्रिया आम्ही मधल्या चार जागांवरच ठेवतो. आठ जागांचे उपकरण म्हणून ते विकणे मला पूर्णपणे योग्य वाटत नाही.

सुरक्षेच्या बाबतीतही एक गंभीर उणीव होती. झाकण उघडले तरी एलईडी चालूच राहत असत, आणि ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना घातक असतो. आमच्या मागणीनंतर झाकण उघडताच एलईडी बंद करणारा लिमिट स्विच बसवून मिळाला. तो मुळातच असायला हवा होता. नायट्रोजनची सुई आत सोडण्यासाठी झाकणाला ठेवलेले छिद्र चांगले आहे.

टायमरची अडचण अजून सुटलेली नाही. वीज जाऊन परत आली की तो शून्यापासून मोजू लागतो, त्यामुळे अभिक्रियेला एकूण किती वेळ प्रकाश मिळाला हे सांगता येत नाही आणि रात्रभर चाललेला प्रयोग वाया जातो. मागणी नोंदवताना वीज गेल्यावरही नोंद जपणारा टायमर, पाणी खेळवायचा ठोकळा आणि लिमिट स्विच या तीनही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. एवढे मिळत असेल, तर पदव्युत्तर आणि पीएचडीच्या कामासाठी हे उपकरण घ्यावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन.